काचेच्या फ्रिजमधला हिवाळा

हे लिहायचं नाही असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मी फ्रिज दुरुस्त करतो, आणि या गोष्टीत फ्रिजवाला जितका मठ्ठ दिसतो तितका तो गिऱ्हाइकांना दिसून चालणार नाही. पण टेप म्हणाला, "तू लिही. नाहीतर मी लोकांना तोंडी सांगत सुटेन, आणि मी सांगितलं तर तू अजून मठ्ठ दिसशील."

हे खरं आहे. म्हणून लिहितोय.

टेप म्हणजे माझा मित्र. टेलर आहे. शाळा सुटल्यापासून त्याच्या गळ्यात मापाची टेप आहे. आंघोळीला जाताना काढतो म्हणतो, मी खात्री केलेली नाही. मला तो बर्फ्या म्हणतो. त्याचं दुकान आणि माझं दुकान भिंतीला भिंत. त्याच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे तो आणि त्याची आत्या राहतात. त्याच्यावर गच्ची. सगळं रामायण त्या गच्चीपायी.

गच्चीवर आत्यांच्या एकतीस कुंड्या. लिंबू, अंजीर, गुलाब, बाकीची नावं मला येत नाहीत. शिवाय वॉशिंग मशीनचे दोन ड्रम, ते मी दिले. मशीन मेलं तरी ड्रम मरत नाही. स्टीलचा असतो, अंगभर भोकं असतात, पाणी साचून राहत नाही. आत्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण ड्रम बघून म्हणाल्या होत्या, "चला, काहीतरी धड आणलंस." त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली.

तर मागच्या पानगळीच्या सुरुवातीला आत्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. गच्चीचा जिना अरुंद आणि बावीस पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. आत्यांची लेक म्हणाली, थंडी सरून ऊन वर आलं की माझ्याकडे ये कायमची, तळमजला आहे, पुढे अंगण आहे. आत्या हो म्हणाल्या. राहिला प्रश्न कुंड्यांचा.

टेपला वाटलं, त्यात प्रश्न कसला, त्याच्याच.

"तुझ्या?" आत्या म्हणाल्या. "माझ्या गुलाबाच्या वेलाचं काय केलं होतंस, विसरलास वाटतं."

कोणीच विसरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आत्यांनी त्याला वेल छाटायला सांगितलं, तर या गड्याने भिंतीवर खडूने सरळ रेघ मारली आणि पँटची उंची कापावी तसा वेल एका रेषेत कापला. दिसत होता झकास. वर्षभर एक फूल आलं नाही.

"शेजारच्या गच्चीवरचे औषधवाले मागताहेत," आत्या म्हणाल्या. "त्यांना देईन म्हणते. माणूस काटेकोर आहे."

टेप नुसतं मशीनचं चाक फिरवत बसला, खाली कापड नसताना. मी समोरच होतो. त्याचं असं आहे, दिवसभर तो ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरच्या सुईकडे बघत असतो. लहानपणापासून आत्यांनीच त्याला वाढवलं. अभ्यास त्या कुंड्यांमध्ये बसून केला, मार चुकवायला अंजिराच्या मोठ्या कुंडीमागे लपला. लांबवर बघायला त्याच्याकडे ती एकच जागा आहे. कुंड्या गेल्या तर वर उरणार पाण्याची टाकी. हे त्याने मला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

चाकाचा आवाज आत्यांनाही ऐकू गेला असावा. त्यांनी एक कागदी पिशवी आणून त्याच्यापुढे ठेवली. ट्यूलिपचे छत्तीस कंद.

"हे दोन्ही ड्रमांत लाव. जायच्या आधी मी एकदा वर चढणार, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. फुलं दिसली तर गच्ची तुझी. नाही दिसली तर औषधवाल्यांची हातगाडी बोलावते."

सोपं होतं. कंद मातीत खुपसायचे, हिवाळा आपलं काम करतो, वसंतात फुलं येतात. कुणीही केलं असतं.

टेपने पिशवी कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवली आणि विसरला.

थंडीचे कपडे शिवायची गर्दी होती, हे त्याचं म्हणणं. दीड महिन्याने एक बटण घरंगळत टेबलाखाली गेलं, ते शोधायला हा वाकला, आणि पाच मिनिटांनी पिशवी छातीशी धरून माझ्या दुकानात आला. चेहरा पांढराफटक.

"बर्फ्या, यांना थंडी लागते."

"मग स्वेटर शिव."

"अरे तशी नाही. हवी असते. पिशवीवर छापलंय. बारा आठवडे थंडी मिळाली तरच फूल धरतं. मी यांना दीड महिना इस्त्रीच्या बॉयलरशेजारी शेकवलंय."

"मग आता लाव. बाहेर काय थंडीचा तुटवडा आहे?"

"खुरपं आत जात नाही. ड्रमातली माती दगड झालीये. मी हातोडी मारून बघितली."

तो खाली बसला, जुन्या कॉम्प्रेसरवर. आणि तेव्हा मला, खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर नेमकं माझ्या दुकानात उभं होतं. बारा आठवडे थंडी. अहो, दुसरं मी काय विकतो.

माझ्याकडे एक काचेच्या दाराचा उभा फ्रिज होता. एका आइस्क्रीमवाल्याने दुरुस्तीला टाकला, धंदा बंद केला आणि न्यायला आलाच नाही. मी थर्मोस्टॅट पाचवर लावला, दाराचं रबर बदललं, आत थर्मामीटर टांगला. मधल्या फळीवर पिशवी ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'हे कांदे नाहीत. हात लावू नये.'

चिठ्ठी आईसाठी होती. आता हे सांगायला लागणारच. आमच्या घरचा फ्रिज आठ महिने बंद होता. मोठं काही नाही, कॉम्प्रेसर चालू करणारा रिले गेला होता, अर्ध्या तासाचं काम. आज करतो, उद्या करतो. "फ्रिजवाल्याच्या घरचा फ्रिज म्हणजे कपाट," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. आणि दूध, लोणी, उरलेली भाजी, फळं, सगळं घेऊन दुकानात यायची. तिने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कांदा आहे. पण कंदांना तिने शेवटपर्यंत बोट लावलं नाही. आई लिहिलेला शब्द पाळते. शेजारची जागा तेवढी वापरली.

शिवाय त्याच फ्रिजच्या डोक्यावर, मागून गरम हवा येते तिथे, टेपने टोमॅटोच्या बियांचे दोन ट्रे ठेवले. आत हिवाळा, वर उन्हाळा, आणि दोन्ही एका प्लगवर. मी गिऱ्हाइकांना दाखवायचो. एक बाई म्हणाल्या, "आणि पावसाळा?" मी खालचं ठिबकणारं पाणी दाखवलं.

मग थंडी आणखी कडक झाली.

सकाळी गच्चीवरच्या बादलीतलं पाणी काचेसारखं. पानांवरचं दव गोठून पांढरं. आत्या खालच्या खोलीत पलंगावर बसून काठीने छत ठोकायच्या. एकदा ठोकलं की कुंड्या उघड, दोनदा ठोकलं की झाक. टेप दुकानातून उठून धावायचा. पहिले दोन दिवस त्याने जुन्या चादरी टाकल्या, त्या वाऱ्याने उडून आमच्या पत्र्यावर. तिसऱ्या दिवशी मी वर गेलो तर हा गुडघ्यावर बसून लिंबाच्या झाडाला टेप गुंडाळत होता.

"काय चाललंय?"

"माप घेतोय. याची कंबर बघ, छातीपेक्षा मोठी आहे. कसा शिवायचा?"

"प्लीट टाक."

"तू आपले फ्रिज बघ."

आठवडाभरात त्याने एकतीस कुंड्यांना एकतीस कोट शिवले. जुने पडदे, अस्तराचे तुकडे, मध्ये कापूस. पुढून बटणं, म्हणजे दिवसा उघडून झाडाला ऊन देता यावं. गुलाबाला काटे म्हणून जाड कॅनव्हास. आणि लिंबाला करड्या चौकड्यांचा खराखुरा कोट, कॉलरसकट. बँकेतल्या एका साहेबांनी शिवायला टाकला होता आणि दोन वर्षं नेला नव्हता.

"आणि साहेब आले तर?" मी विचारलं.

"त्यांचं पोट एव्हाना सुटलं असणार. लिंबाला बरा बसलाय."

शेजारच्या गच्चीवर औषधवाले काका कठड्याशी उभे राहून बघायचे. त्यांनी आपल्या झाडांना प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळलं होतं, प्रत्येकाला तारखेचं लेबल. "हे काय, शाळा भरवलीय का?" ते म्हणाले. आम्ही हसलो, पण मनात धाकधूक होतीच. माणूस खरंच काटेकोर होता.

बारा आठवडे झाले. माती मोकळी झाली. कंद काढले तर टोकाला हिरवे कोंब. टेपने ते दोन ड्रमांत लावले, प्रत्येकात अठरा, अंतर टेपने मोजून. पंधरा दिवसांत पानं वर आली. जाड, निळसर हिरवी, तरतरीत पानं. टेप शिट्ट्या मारायला लागला. मी आत्यांना जाऊन सांगितलं, "आत्या, पानं लेकरांसारखी वाढताहेत." त्या म्हणाल्या, "मी पानं मागितली नव्हती."

मग कळ्या आल्या. म्हणजे आल्या असं वाटलं. पानांच्या मध्ये काहीतरी बारकं दिसायचं, गव्हाच्या दाण्याएवढं, फिकट. चार दिवसांनी ते कागदासारखं वाळलं. एकाचं, दुसऱ्याचं. पहिल्या ड्रममध्ये अठराच्या अठरा. टेप रोज वाकून बघायचा आणि रोज थोडा कमी बोलायचा.

"पाणी जास्त होतंय," तो म्हणाला. मग पाणी मापाच्या कपाने घालायला लागला. मग म्हणाला कमी होतंय. मग परत जास्त.

त्याच आठवड्यात माझ्याकडे शाळेतल्या एक बाई आल्या. तक्रार अशी की फ्रिजमधली पालेभाजी दोन दिवसांत पिवळी पडते, फ्रिजच खराब आहे. हे मी रोज ऐकतो, आणि त्यावर माझं भाषण पाठ आहे.

"बाई, शेजारी सफरचंदं ठेवता का?"

"हो, का?"

"फ्रिज ठणठणीत आहे. सफरचंद श्वास सोडतं. त्यातून एक वायू निघतो, दिसत नाही, वास येत नाही. त्याने शेजारची भाजी लवकर पिकते, कोवळ्या कळ्या तर जागच्या जागी..."

इथे मी थांबलो.

माझ्या हातात सफरचंद होतं. अर्धं खाल्लेलं. आईने आणलेलं, काचेच्या फ्रिजमधलं, मधल्या फळीवरचं. बारा आठवडे, रोज दोन. मी स्वतः काढून खात होतो, कंदांच्या पिशवीला हात लागू नये म्हणून जपून.

"जागच्या जागी काय?" बाईंनी विचारलं.

"करपतात," मी म्हटलं, आणि त्यांच्याकडून तपासणीचं काही घेतलं नाही.

आता कबुलीची गोष्ट. मी त्याच मिनिटाला भिंतीपलीकडे जाऊन टेपला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चार दिवस नाही सांगितलं. वाटलं, दुसऱ्या ड्रममधलं एखादं फुलेल. वाटलं, सांगून तरी काय, कंदाच्या पोटातच करपलेल्या कळ्या थोड्याच परत येणार आहेत. तो पलीकडे कप घेऊन पाणी मोजत होता आणि मी अलीकडे रेडिओ मोठा करून बसलो होतो. आईने सफरचंदं आणली तर मी तिच्यावरच खेकसलो. ती म्हणाली, "आता काय सफरचंदानं घोडं मारलं तुझं?" काय सांगणार.

पाचव्या दिवशी आत्या वर चढल्या.

बावीस पायऱ्यांना वीस मिनिटं. पुढे टेप, मागे मी, मध्ये आत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "मागून ढकलू नकोस रे, मी फ्रिज नाही." वर पोचल्यावर आधी त्यांनी नुसता श्वास घेतला. मग ड्रमांशी गेल्या. काठीने पानं बाजूला केली, एक वाळलेली कळी चिमटीत धरून चुरली.

"पाणी," त्या म्हणाल्या. "मुळं कुजवलीस."

"हो," टेप म्हणाला. "माझंच चुकलं असणार."

"हातगाडी चार वाजता येतेय. मी काल निरोप दिला."

तो हो ला हो करत मान हलवत राहिला. आणि अंजिराच्या कुंडीकडे बघत होता, त्या मोठ्या. 

"आत्या, पाणी नाही," मी म्हटलं. "सफरचंदं."

सगळं सांगितलं. फ्रिज, आई, फळी, चिठ्ठी, शाळेतल्या बाई. रिलेसुद्धा. आत्यांनी शेवटी विचारलं, "रोज दोन?"

"हो."

"बारा आठवडे?"

"हो."

"तब्येत तरी सुधारली का?"

मी खाली बघितलं. टेप माझ्याकडे बघत होता, ते न बघताही कळत होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"चार दिवस."

"मी चार दिवस कप घेऊन बसलो होतो."

मी खाली पडलेला कळीचा चुरा चपलेने बाजूला सारत राहिलो. 

आत्या तोवर लिंबापाशी पोचल्या होत्या. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून काढली, कॉलर बाजूला केली. आत नवी पालवी, तांबूस, चकचकीत, आणि फांदीच्या बेचक्यात पांढऱ्या कळ्या. मग त्यांनी गुलाब बघितला. मग अंजीर. एकतीसच्या एकतीस कुंड्या बघितल्या, बसत उठत. एकही मेली नव्हती. मग कठड्याशी जाऊन शेजारची गच्ची बघितली. प्लास्टिकला चिकटलेली पानं काळी पडली होती, आणि लेबलं मात्र ठसठशीत.

"काठी मी दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात ठेवली," आत्या म्हणाल्या. "लक्षात आलं होतं का तुझ्या?"

टेपच्या नव्हतं आलं.

"ठोकायच्या आधीच तुझी पावलं वाजायची डोक्यावर. सकाळी दहाला एकदा, चारला एकदा. एक दिवस चुकला नाही. मला वाटायचं, बाकी काही नाही तरी याला वेळ कळायला लागली. आणि मग ही कुजलेली मुळं म्हणजे..." त्या थांबल्या. "पाणी ओतून झाड मारणारा माणूस मला गच्चीवर नको. मठ्ठ मित्र असलेला चालेल. मठ्ठ मित्र सगळ्यांनाच असतात."

"पण फुलं नाहीत ना," टेप म्हणाला. वेडा आहे तो. असं कुणी आठवण करून देतं का.

"नाहीत. मग मी शब्द फिरवते. या वयात तेवढी सूट असते. लिंबाचा कोट मात्र साहेबांना परत कर."

"ते आले तर करीन."

"आणि ती ट्यूलिपची पानं कापू नकोस. कात्री लांब ठेव. पिवळी होऊन आपोआप गळू देत, त्यातूनच कंद पोसतो. मग काढून कोरडे ठेव, आणि या खेपेला पानगळीत लाव. पानगळीत. टेबलाखाली नाही."

चार वाजता औषधवाले काका हातगाडी घेऊन आले. आत्यांनी त्यांना वर बोलावून कोट दाखवले. काका बराच वेळ गुलाबाच्या कॅनव्हासला हात लावून बघत होते. मग टेपला म्हणाले, "माझ्याकडे नऊ कुंड्या जिवंत आहेत. मापं घ्यायला कधी येशील?" टेप तसाच निघाला, टेप गळ्यातच होती. काकांनी रिकामी गाडी ओढत नेली. जाताना मला म्हणाले, "तू सफरचंद खात जा, चांगलं असतं," म्हणजे त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं.

आत्या गेल्या रविवारी लेकीकडे गेल्या. दोन टोमॅटोची रोपं मांडीवर घेऊन, फ्रिजच्या डोक्यावर उगवलेली.

टेप माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता, हे राहिलं सांगायचं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर कात्रीच्या मुठीने ठोकलं. एकदा. मी गेलो. त्याने चहाचा दुसरा कप पुढे सरकवला आणि म्हणाला, "सफरचंदांचं मला काही नाही. ते कुणाकडूनही झालं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मग मी त्याला शब्द दिला. घरचा फ्रिज आजच्या आज चालू करतो (केला, आई अजून दार उघडून नुसती बघत उभी राहते). आणि यापुढे त्याच्या झाडांचं, कापडाचं, कशाचंही काही बिघडलं आणि कारण मला कळलं, तर ते कारण मी स्वतः असलो तरी, चार दिवस नाही, हातातला चहा गार व्हायच्या आत भिंतीपलीकडे येऊन सांगीन.